प्राथमिक शाळेतील बालकांची सुरक्षितता आणि आपले कर्तव्य

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या पालक मेळाव्यात रविवारच्या बालवर्गाच्या शिक्षकांतर्फे केलेले भाषण)



वर्धापनदिनी 'बालसंस्कार' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, असे समितीने कळविले होते. आम्ही म्हणजे दर रविवारी सकाळी याच सभागृहात बालवर्ग घेणारे शिक्षक-शिक्षिका. आठवडाभर जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत शिकवितो, रविवारी इथे येतो. संस्कारांवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत आणि दर पौर्णिमेला आपण त्यांना ऐकतोही. म्हणून समितीची परवानगी घेऊन आम्ही विषय थोडा बदलला आहे. आपले मूल शाळेत सुरक्षित आहे का, एवढेच आज बोलायचे आहे. विषय अवघड आहे, काही शब्द कानाला टोचतील. त्यासाठी मुलांना आत्ताच मागच्या खोलीत चित्रे काढायला नेले आहे. त्यांच्याबरोबर दोन ताई आहेत. एक नाही, दोन. आणि खोलीचे दार उघडे ठेवले आहे. असे का, ते पुढे येईलच.

बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत भाषणे होतात, मुले फेटे बांधून येतात, फार छान वाटते. पण त्या शाळेत त्या लहान मुलाचे काय होत होते, ते त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही वेगळ्या कोपऱ्यात. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी मूल तहानलेले राहणार. नळ होता, पाणी होते, गुरुजी होते, घंटा वेळेवर होत होती. बाहेरून बघणाऱ्याला शाळा अगदी व्यवस्थित चाललेली दिसली असती. आम्हाला या आठवणीतून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शाळा चांगली चालली आहे म्हणजे तिथले प्रत्येक मूल सुखरूप आहे, असे होत नाही. ते त्या मुलाच्या जागी बसून बघावे लागते.

आता गोणपाट गेले. पण आडनाव विचारून बाकावर मागे बसविणे, झाडू ठराविक मुलांच्याच हातात देणे, 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' म्हणून वर्गासमोर उभे करणे, हे कुठे कुठे अजून ऐकू येते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारण्यास बंदी आहे आणि मानसिक छळासही बंदी आहे. वर्गासमोर जातीवरून हिणवणे हा मानसिक छळच आहे. मारण्याबद्दल मात्र आपल्याच पालकांना सांगावे लागते. 'गुरुजी, मारा, पण शिकवा' असे हात जोडून सांगणारे बाप आम्हाला दर जूनमध्ये भेटतात. त्यांच्या मनातली कळकळ आम्हाला कळते, त्यांना स्वतःला शिकायला मिळाले नव्हते. पण बघा, मोठ्या माणसाने आपल्या अंगावर हात टाकला तर तो सहन करायचा असतो, हाच धडा त्या मुलाला मिळतो. उद्या दुसऱ्या कुणी वेगळ्या हेतूने हात टाकला तर हे मूल कुणाकडे तक्रार घेऊन येणार?

तो वेगळा हात, हाच आजचा मुख्य विषय आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे प्रकरण बाहेर आले. तक्रार नोंदवून घेण्यासाठी आईबापांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, गाड्या बंद पडल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळविले नाही, असे विचारले. पुढे सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळीने मेला. रुळांवर 'फाशी द्या' अशा घोषणा होत्या. आईबापांचा संताप आम्ही समजू शकतो. पण आमचा प्रश्न साधा आहे. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे पुरुष कर्मचारी एकटा जाऊ शकतो, ही सोय कुणी केली होती? आरोपी मेल्याने एखाद्या शाळेत स्वच्छतागृहाच्या दाराशी मावशी उभी राहिली, असे होत नाही.

दुसरी गोष्ट. असा माणूस बाहेरचा असतो, काळाकभिन्न गुंड असतो, असे आपल्याला वाटते. केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांपैकी साधारण निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि त्रास झालेल्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण 'आमचा तर पोरगा आहे, आम्हाला काय काळजी' असे म्हणणारे इथेही बसलेले असतील.

मग ओळखीच्यावर विश्वासच ठेवायचा नाही का? इथे आपल्याला धम्माकडे जाऊ द्या. विनयपिटकात 'अनियत' नावाचे दोन नियम आहेत. ते कसे आले? श्रावस्तीत उदायी नावाचे भिक्खू एका तरुण स्त्रीसोबत आडोशाच्या जागी एकटेच बसलेले विशाखेने पाहिले. विशाखा म्हणजे संघाची केवढी मोठी उपासिका! पण 'ते तर भिक्खू आहेत, आपण कशाला बोला' असे ती म्हणाली नाही. तिने तिथल्या तिथे त्यांना सांगितले की, मनात काही नसले तरी असे बसणे योग्य नाही. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा तिने इतर भिक्खूंना सांगितले आणि गोष्ट तथागतांपर्यंत गेली. तथागतांनी विशाखेला 'संघाची बदनामी करतेस' म्हटले नाही. त्यांनी नियम केला, आणि विश्वासू उपासिका जे पाहिल्याचे सांगते त्यावरून चौकशी व्हावी, असे त्या नियमातच घातले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. नियम करताना त्यांनी सगळ्या भिक्खूंना वाईट ठरविले का? मुळीच नाही. चांगल्या माणसालाही नियमाचा आधार लागतो आणि वाईट माणसाला नियमाची अडचण होते, एवढेच.

मागच्या खोलीत दोन ताई आणि उघडे दार का, ते आता लक्षात आले असेल.

आणखी एक नियम सांगतो. राहुलाला लहानपणीच प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदन राजाला फार दुःख झाले. त्याने तथागतांना विनंती केली आणि तेव्हापासून आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. आपण श्रामणेर शिबिरे भरवितो. मुले आठ-दहा दिवस घरापासून लांब राहतात. पालकांची लेखी संमती, मुले कुठे झोपणार, रात्री जवळ कोण, आईला फोन कधी करता येईल, हे कागदावर असलेच पाहिजे. 'भन्तेजी आहेत ना' एवढे पुरत नाही, आणि आमच्या भन्तेजींनीच हे आम्हाला सांगितले आहे.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. राजगृहाचा सिगाल सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला प्रत्येक दिशेचा अर्थ सांगितला. त्यात दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. शिष्याविषयी आचार्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्यातले पाचवे आहे सर्व दिशांना शिष्याचे रक्षण करणे. नीट शिकविणे हे कर्तव्य आहेच, पण तेवढ्यावर आचार्याची सुटका नाही. आमच्या शिक्षक बंधूंपैकी काही म्हणतात, 'आम्ही शिकवायचं, निवडणुकीचं काम करायचं, माहिती ऑनलाइन भरायची, खिचडीचा हिशेब ठेवायचा, आता हेही?' त्यांची तक्रार खोटी नाही, आम्ही स्वतः ती रोज करतो. पण रक्षण हे वरून लादलेले जादा काम नाही, ते शिकविण्याच्या शेजारीच सांगितलेले आहे.

सर्व दिशांना म्हणजे कुठे कुठे? शाळेत चालत जाऊन बघा. स्वच्छतागृह इमारतीच्या मागे आहे का, कडी आतून लागते का, तिकडे जाताना लहानांबरोबर कोण असते? मधल्या सुट्टीत बंद वर्गाची किल्ली कुणाकडे असते? शाळा सुटल्यावर राहिलेल्या शेवटच्या मुलाजवळ कोण थांबते? रिक्षावाले काका पुढच्या सीटवर रोज कुणाला बसवतात? वह्या उचलून नेण्यासाठी सर रोज एकाच मुलीला का बोलावतात? यातल्या बहुतेक प्रश्नांना पैसा लागत नाही. कॅमेऱ्याला लागतो, म्हणून कॅमेऱ्याची चर्चा फार होते आणि उद्घाटनाला फीतही कापता येते. कॅमेरा असावा, आमचा विरोध नाही. पण तो झाल्यानंतर दाखवितो, आणि जिथे धोका जास्त त्या जागी तो लावताही येत नाही.

शासनाने तक्रारपेट्या बसवायला सांगितल्या. २०२२ साली प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती नेमण्याचा निर्णय झाला. नाव किती सुंदर आहे! इथल्या किती पालकांना आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे ते सांगता येईल? उद्या शाळेत जाऊन विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तर तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, ते तुम्हीच आहात. तक्रारपेटीचे मात्र एक आहे. पहिलीतल्या मुलाला धड नाव लिहिता येत नाही, ते चिठ्ठी काय टाकणार? शिवाय पेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर. प्राथमिक शाळेत पेटी म्हणजे माणूसच पाहिजे, ज्याच्याजवळ मूल जाऊन बोलेल.

बोलेल, पण कुठल्या शब्दांत? आपण मुलाला नाक, कान, डोळा, गुडघा सगळे शिकवितो. कमरेखाली आलो की आपण गप्प. 'शेम शेम' म्हणतो, नाही तर दटावतो. त्या जागेला नावच नाही, आणि ती काहीतरी लाजेची गोष्ट आहे, एवढेच मुलाला कळते. मग ते सांगणार कसे? ते म्हणते, 'पोट दुखतंय.' म्हणते, 'शाळेत नाही जायचं.' 'ते काका घाण आहेत.' अंथरूण ओले करणे बंद झालेले मूल पुन्हा करू लागते. शू लागली तरी शाळेत जात नाही, घरापर्यंत दाबून ठेवते. आई म्हणते नाटकं करतोय, आणि दोन धपाटे घालून पाठविते. प्रत्येक पोटदुखीमागे असे काही असते, असे आम्ही म्हणत नाही. परीक्षेच्या भीतीनेही पोट दुखते. पण विचारून तर बघावे. अवयवांची नावे घरात साध्या आवाजात घ्यावीत. आंघोळ घालताना सांगावे की, ही तुझी जागा, इथे कुणी हात लावायचा नाही; डॉक्टर बघतील तेव्हाही आई जवळ असेल. कुणी 'आईला सांगू नकोस, आपलं गुपित' म्हणाले, तर तेच आधी आईला सांगायचे. आणि 'सर सांगतील ते ऐकायचं' हे वाक्य जरा आवरते घ्या. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी, गुरू सांगतो एवढ्याच कारणाने काही मानू नका, असे सांगितले होते. आपण बुद्धाची लेकरं म्हणवितो आणि पोरांना मुकाट ऐकायला शिकवितो.

मूल काही बोलले तर? आधी ऐका. 'खरं बोलतेस ना?', 'आधी का नाही सांगितलंस?' हे दोन प्रश्न विचारू नका. त्यानंतर मूल पुन्हा बोलत नाही. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही,' एवढे म्हणा. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, आपले शब्द घालू नका. आजीला, मावशीला, शेजारणीला बोलावून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्या माणसाला समोर आणून 'हाच का?' विचारू नका. त्या दिवशीचे कपडे धुऊ नका.

आणि मग कायदा. २०१२ चा पोक्सो कायदा त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलगा आणि मुलगी त्यात येते. कलम १९ प्रमाणे ज्याला ज्याला असे काही कळले, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. शिक्षकाने मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे झाले, असे नाही. मुख्याध्यापकांनी 'आधी आम्ही चौकशी करतो' म्हणून आठ दिवस घालविणेही कायद्यात बसत नाही. न कळविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळविणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि गुन्हा नोंदला गेला नसला तरी ती अडत नाही. १०९८ हा क्रमांक रात्री-अपरात्री लावता येतो, पैसे पडत नाहीत. मुलालाही तो पाठ असावा. ठाण्यात एकटे जाऊ नका, शिकलेले दोघे बरोबर न्या.

आरोपी सवर्ण असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमेही लागतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही त्याचे संरक्षण आहे. हे ठाण्यात ठणकावून सांगावे लागते. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिचा अर्जही करावा.

पण आरोपी आपलाच असेल तर? आपल्याच वस्तीतला, कदाचित जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा, शाळेत नोकरीला लागलेला पहिला मुलगा? तेव्हा आपली खरी परीक्षा असते. तेव्हा वडीलधारी माणसे जमतात. 'पोरीचं लग्न व्हायचंय', 'समाजाची बदनामी होईल', 'विरोधकांना आयतं कोलीत मिळेल', 'त्यानं पाय धरून माफी मागितली आहे' असे म्हणून कागद होतो. हा गुन्हा आपसात मिटविता येत नाही. राजस्थानात एका शिक्षकाविरुद्धचा असाच खटला, मुलीच्या वडिलांनी तडजोड केली म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला आणि खटला पुढे चालू ठेवला. मुलाच्या वतीने बापालाही अशी माफी देता येत नाही. आणि पोक्सोच्या पाचव्या कलमात, संस्थेतल्याच मुलावर अत्याचार करणाऱ्या कर्मचाऱ्याचा गुन्हा जास्त गंभीर मानताना शैक्षणिक आणि धार्मिक संस्थांची नावे एकाच ओळीत घेतली आहेत. म्हणजे शाळेबद्दल आम्ही आतापर्यंत जे बोललो, ते या विहारालाही लागू आहे.

उलट टोकही आहे. संतापाने मोर्चा निघतो आणि फलकावर मुलीचा फोटो आणि नाव. मोबाइलवरच्या ग्रुपवर तिच्या घराचा पत्ता. हा कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या मुलीला जन्मभराची शिक्षा आहे. न्याय मागताना तिचे नाव मागे ठेवा.

यात सर्वांत जास्त कोण हरते? प्रकरण मिटले, नाही मिटले, मुलीचे नाव शाळेतून काढले जाते. 'पुरे झाली शाळा.' मग धाकट्या बहिणीचेही. दोन-चार वर्षांनी लग्न. ज्याने केले तो त्याच शाळेत, त्याच रिक्षावर, आणि पोर घरात भांडी घासतेय. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळेचे दार उघडले, त्यासाठी शेण-दगड सोसले. ते दार बंद करण्याचे काम आपण आपल्या हातांनी करतो आणि त्याला अब्रू राखणे म्हणतो. मुलीला त्याच शाळेत पाठवा. शाळा बदलायची असेल तर ती त्या माणसाने बदलावी. ती नको म्हणाली तर दुसऱ्या शाळेत घाला, पण घरी बसवू नका. तिचा दाखला काढायला आलेल्या पालकाशी बोलायला आम्ही केव्हाही घरी येऊ.

आता आपल्या बालवर्गाचे ठरले आहे ते सांगून थांबतो. वर्ग चालू असताना दोन्ही दारे उघडी राहतील. एकटे मोठे माणूस एकट्या मुलाबरोबर खोलीत बसणार नाही. आम्ही नाही, पाहुणे वक्ते नाहीत आणि समितीचे पदाधिकारीही नाहीत. मूल ज्याच्या हाती सोपवायचे त्याचे नाव पालकांनी आधी लिहून द्यायचे, दुसरा कुणी 'मी मामा आहे' म्हणाला तर मूल दिले जाणार नाही. राग मानू नये. नळ आणि स्वच्छतागृह मागच्या बाजूला आहे, तिथे विजेचा दिवा लागला आहे, पण दिव्याखाली माणूस हवे आहे. त्यासाठी दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा दोन पालक लागतील. वर्षात ५२ रविवार आहेत आणि वही दाराशी, पुस्तकांच्या टेबलावर ठेवली आहे. आतापर्यंत अकरा नावे आली आहेत, ती सगळी आयांची आहेत. बाबा मंडळींनीही जाताना नाव लिहावे.

जयभीम.